जुन्या मोठ्या सेडानचे महामार्गावरचे ॲव्हरेज: मोजावे कसे, सुधारावे कसे

पंधरा-वीस वर्षे जुनी मर्सिडीज ई-क्लास, होंडा अकॉर्ड, टोयोटा कॅमरी किंवा स्कोडा सुपर्ब आज एखाद्या नव्या लहान गाडीपेक्षाही कमी किमतीत हाती येते, आणि ती घेणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो ॲव्हरेजचा. शहरात या गाड्या लिटरला सहा-सात किलोमीटर देतात, आणि दीड टनाहून जड गाडी दर सिग्नलला थांबवून पुन्हा हलवायची म्हटल्यावर तिथे फारसे काही करता येत नाही. महामार्गाची गोष्ट मात्र वेगळी आहे. या गाड्या तासन्‌तास एकाच वेगाने धावण्यासाठी घडवलेल्या आहेत, आणि म्हणून महामार्गावरही गाडी नऊ-साडेनऊच्या पुढे सरकत नसेल तर ‘मोठी गाडी आहे, पिणारच’ असे म्हणून ते सोडून देऊ नये. बहुतेक वेळा गाडीत काहीतरी बिघडलेले असते आणि ॲव्हरेज हे त्याचे पहिले लक्षण असते. माझ्याकडे २००८ सालची, तीन लिटरच्या व्ही-६ (सहा सिलिंडरच्या) पेट्रोल इंजिनाची ऑटोमॅटिक सेडान आहे आणि पुणे-मुंबई हा तिचा नेहमीचा रस्ता आहे. पुढे जे लिहिले आहे ते या गाडीच्या निमित्ताने शिकलेले आहे, आणि ते ज्या क्रमाने करावे त्याच क्रमाने मांडले आहे.

आधी वही घालावी

डॅशबोर्डवर दिसणारा ॲव्हरेजचा आकडा अंदाजासाठी ठीक असतो, पण निर्णय घ्यायला तो पुरत नाही. टाकी फुल करून मोजण्याची जुनी पद्धतच वापरावी. पंपाच्या नॉझलने आपोआप पहिला कट घेतला की थांबावे, त्यावर ‘राउंड फिगर’ करून घेऊ नये, ओडोमीटर लिहून घ्यावा आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच बाजूला गाडी लावून पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरावे. या गाड्यांची टाकी साठ ते ऐंशी लिटरची असते आणि नॉझल लिटर-दीड लिटर आधी-नंतर कट घेऊ शकतो, त्यामुळे पंधरा लिटरवर काढलेले ॲव्हरेज दहा टक्क्यांनी सहज चुकते. चाळीस-पन्नास लिटर जळल्यानंतर काढलेला आकडा विश्वासाचा असतो. ओडोमीटर बरोबर आहे की नाही तेही एकदा पाहून घ्यावे. द्रुतगती मार्गावरचे किलोमीटरचे फलक त्यासाठी उपयोगी पडतात. सलग वीस किलोमीटरच्या फलकांशी ओडोमीटर ताडून पाहावा. टायरचा आकार बदललेला असेल तर फरक लगेच दिसतो.

पुणे-मुंबई रस्त्यावर मोजणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतलीच पाहिजे, ती म्हणजे उंची. मुंबई समुद्रसपाटीला आहे आणि पुणे साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. माणसांसह साडेअठराशे किलो भरणारी गाडी तेवढी उंच उचलायची तर सुमारे एक कोटी ज्यूल काम करावे लागते. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण सव्वातीन कोटी ज्यूल ऊर्जा असते आणि चढावर इंजिन त्यातले तीस टक्क्यांच्या आसपास चाकांपर्यंत पोहोचवते, म्हणजे केवळ ही उंची चढण्यासाठी एक लिटर पेट्रोल लागते. दीडशे किलोमीटरच्या प्रवासात बारा-साडेबारा लिटर जळत असतील तर हे एक लिटर आठ टक्के झाले. मुंबईहून पुण्याला येताना ॲव्हरेज कमी आणि जाताना जास्त दिसते त्याचे कारण हेच. एका बाजूचा आकडा घेऊन गाडी सुधारली किंवा बिघडली असे ठरवू नये. जाऊन-येऊन मिळून मोजावे.

वहीत तारीख, ओडोमीटर, लिटर, रस्ता, गाडीत किती माणसे होती आणि एसी चालू होता की नाही एवढे लिहिले तरी पुरते. तीन टाक्या झाल्या की आपल्या गाडीचा खरा आकडा हाती येतो, आणि त्याच्याशिवाय पुढचे काहीही करू नये, कारण कुठल्या दुरुस्तीने काय साधले ते कळायला दुसरा मार्ग नाही.

दोनशे तीसपैकी अठरा

मोठ्या इंजिनाचे दुखणे नीट समजले की पुढचे सगळे उपाय आपोआप कळतात. सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना अशा सेडानला हवेचा विरोध साधारण २७ किलो वजनाइतका असतो, आणि टायर रस्त्यावर लोळताना होणारा विरोध साधारण २० किलोइतका. हे सत्तेचाळीस किलोचे ओढणे त्या वेगाने चालू ठेवायला सतरा-अठरा अश्वशक्ती पुरते. इंजिनाची क्षमता मात्र दोनशे तीस अश्वशक्तीची असते. पेट्रोल इंजिनात हवा आत सोडणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली ठेवून एवढी कमी शक्ती काढावी लागते, आणि अरुंद फटीतून हवा ओढण्यात, सहा पिस्टन आणि त्यांचे सगळे वाल्व हलवत ठेवण्यात इंजिन बरीच शक्ती खर्च करते. म्हणून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जेवढे कमी तेवढी ही घट कमी. सात गिअरच्या गाडीत १०० च्या वेगाला काटा २,००० च्या आसपास असतो. नव्वदच्या दशकातल्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये तो बराच वर असतो आणि तिथे त्याला इलाज नाही. होंडाच्या काही व्ही-६ इंजिनांत हलका भार असताना काही सिलिंडर बंद ठेवण्याची सोय दिली होती ती याच कारणासाठी. डिझेल इंजिनाला थ्रॉटलचा हा त्रास जवळजवळ नसतो, म्हणून मर्सिडीजचे ई २८० सीडीआय किंवा सुपर्बचे व्ही-६ डिझेल महामार्गावर त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीच्या बरेच पुढे जाते.

आता वेगाकडे पाहू. टायरचा विरोध वेगाने फारसा बदलत नाही, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० ला २७ किलो असलेला विरोध ८० ला सतरा किलोवर येतो आणि १२० ला ३९ किलोवर जातो. दोन्ही विरोध मिळून पाहिले तर १०० वरून १२० वर गेल्यावर प्रत्येक किलोमीटरला सुमारे पंचवीस टक्के जास्त काम करावे लागते. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे आणि रस्ता ७०१ किलोमीटरचा आहे; तेवढे अंतर सतत १२० ने कापले तर पाच तास पन्नास मिनिटे लागतात आणि १०० ने सात तास. सत्तर मिनिटांसाठी किती इंधन द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्यापुरते मी ९० ते १०० हा पट्टा ठरवून टाकला आहे, कारण ८० ने जाताना आणखी थोडे वाचते हे खरे असले तरी ट्रकांच्या मध्ये अडकून वारंवार वेग कमी-जास्त करावा लागतो आणि वाचलेले तिथेच जाते. हळू जाणाऱ्याने उजवी लेन धरू नये, हेही सांगायला हवे. तसेच ट्रकच्या मागे चिकटून त्याच्या आडोशाने इंधन वाचवण्याचा प्रकार कोणीही करू नये, कारण त्या अंतरावर ब्रेक लागण्याआधी गाडी ट्रकखाली गेलेली असते.

थर्मोस्टॅट: सर्वांत स्वस्त, सर्वांत दुर्लक्षित

तीन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचे महामार्गावरचे ॲव्हरेज बारावरून हळूहळू साडेनवावर आले. एकदम आले असते तर लक्षात आले असते. ते आठ-दहा महिन्यांत उतरले. एका गॅरेजने सहाही इंजेक्टर बदलण्याचे अंदाजपत्रक दिले आणि तो आकडा गाडीच्या तेव्हाच्या बाजारभावाच्या जवळपास चौथा हिस्सा होता. दुसऱ्या गॅरेजने सेन्सर सुचवले. दोघांनीही गाडी उभी ठेवून तपासली होती, आणि दोष तर गाडी पळत असतानाच दिसत होता.

तो दिसला खालापूरच्या टोलनाक्यावर. रांगेत दहा मिनिटे उभे असताना तापमानाचा काटा ९० वर आला होता. नाका सोडून गाडी १०० ला लागली आणि पाच-सात मिनिटांत काटा सावकाश उतरत ७० च्या थोडा वर येऊन थांबला. पुढे घाटाच्या चढाला तो पुन्हा ९० वर गेला, आणि लोणावळा ओलांडून सपाटीला लागताच पुन्हा खाली आला. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. त्याचे काम एवढेच, की इंजिन नेमक्या तापमानाला येईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचे नाही आणि नंतर जरुरीपुरतेच जाऊ द्यायचे. तो उघडा राहिला की महामार्गावरच्या जोरदार वाऱ्यात इंजिन कायम कोमट राहते. मग इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला वाटते की इंजिन अजून तापतेच आहे, आणि तो मिश्रणात पेट्रोल जास्त सोडतो. थंड तेल घट्ट राहून घर्षण वाढवते. आणि बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन पुरते तापल्याशिवाय इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण लॉक होत नाही. एका लहानशा भागाने तीन ठिकाणी इंधन खाल्ले होते. थर्मोस्टॅट, त्याची सील आणि नवे कूलंट एवढ्यावर काम झाले, आणि पुढच्या दोन टाक्यांत आकडा साडेअकरावर आला.

म्हणून पहिली तपासणी ही करावी, आणि ती गाडी चालवतानाच करावी: सपाट रस्त्यावर स्थिर वेगाला काटा पंधरा मिनिटे एका जागी राहतो का? काही गाड्यांचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो आणि ७५ ते १०५ पर्यंत मधोमधच दिसतो. तिथे डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावायचे साधे स्कॅनर घेऊन खरे तापमान पाहावे. थर्मोस्टॅट बदलताना गाडी उत्पादकाने दिलेल्या तापमानाचाच घ्यावा. ‘आपल्याकडे ऊन फार’ म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला अजूनही काही मेकॅनिक देतात. तो मानू नये.

स्कॅनर हाताशी असेल तर त्यात आणखी एक आकडा पाहावा: लाँग टर्म फ्युएल ट्रिम. संगणकाला ठरलेल्या मापापेक्षा पेट्रोल किती टक्के जास्त किंवा कमी द्यावे लागते ते यात दिसते. हा आकडा उणे-अधिक पाचच्या आत असेल तर मिश्रण ठीक आहे. अधिक दहाच्या वर गेला तर बाहेरून हवा शिरत असावी, आत येणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर मळलेला असावा किंवा पंपाचा दाब कमी पडत असावा. उणे दहाच्या खाली गेला तर इंजेक्टर गळत असावा किंवा सेन्सर चुकीचे सांगत असावा. पंधरा वर्षांनी इंजिनावरचे रबरी पाइप भेगाळतात, आणि बोटाने दाबल्यावर त्या भेगा उघडतात. उभ्याने पाहिले तर त्या दिसत नाहीत. ऑक्सिजन सेन्सर दीड लाख किलोमीटरच्या पुढे सुस्तावतो, अनेकदा डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा न लावता. ज्यांच्या गाडीला असे सॉकेट नाही त्यांनी निदान पीयूसीच्या जुन्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण कार्बन मोनॉक्साइडचा आकडा नियमाच्या आत असूनही दर खेपेस चढत असेल तर मिश्रण घट्ट होत चालले आहे हे त्यावरूनही कळते.

स्पार्क प्लग, इंजिन ऑइल आणि गिअरचे तेल ठरल्या वेळी बदलावे, यात नवे काही नाही. मात्र ‘जुने इंजिन आहे’ म्हणून २०डब्ल्यू-५० सारखे घट्ट तेल भरण्याची पद्धत सोडावी. माहितीपुस्तकात जो ग्रेड लिहिला आहे तोच घालावा. एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. कार्बुरेटरच्या काळात घाणेरडा फिल्टर पेट्रोल खात असे. संगणकाने चालणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत संगणक आत आलेली हवा मोजूनच पेट्रोल देतो, त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने पिकअप जातो, ॲव्हरेज फारसे जात नाही. फिल्टर जरूर बदलावा, पण त्याने दोन किलोमीटर वाढतील अशी आशा ठेवू नये. डिझेलमध्ये मात्र टर्बोकडून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा पाइप कुठे फाटला आहे का ते पाहावे. जोर देताना फुस्स असा आवाज आणि मागे काळा धूर ही त्याची खूण आहे.

चाक मोकळे फिरते का

दुसरी मोठी गळती चाकांत असते. जुन्या गाडीच्या ब्रेक कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजतात, पिस्टनचे रबर फुगते, लवचीक होजच्या आतला थर सुटून तेल परत येऊ देत नाही, आणि ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला चाटत राहतो. शहरात ते जाणवत नाही. महामार्गावर मात्र गाडी शंभर किलोमीटर सतत थोडा ब्रेक दाबून चालवल्यासारखी होते.

हे ओळखायची रीत सोपी आहे. फूड मॉलवर थांबायचे असेल तेव्हा आधीपासून पाय काढून, शक्य तितका कमी ब्रेक वापरून गाडी आत घ्यावी. उतरल्यावर हाताची मागची बाजू चारही रिमांच्या जवळ, न टेकवता, धरून पाहावी. चारही साधारण सारख्या कोमट असतील तर ठीक; एकीतून तव्यासारखी धग येत असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरतो आहे. डिस्कला हात लावू नये. तापमान मोजणारी लहान इन्फ्रारेड बंदूक मिळते, तिने आकडेच मिळतात. नंतर गॅरेजमध्ये गाडी उचलून ते चाक हाताने फिरवून पाहावे. बहुतेक वेळा पिना साफ करून योग्य ग्रीस लावले, रबर बदलले आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलले की काम भागते. ब्रेकचे काम अर्थात जाणकाराकडूनच करून घ्यावे.

टायरमधल्या हवेविषयी सगळेच सांगतात, तरी चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिली चूक म्हणजे पंपावरच्या मुलाने ‘किती भरू?’ विचारले की सवयीने ‘बत्तीस’ सांगणे. पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा दाराच्या खांबावर तक्ता चिकटवलेला असतो, आणि त्यात दोन माणसांचा आणि भरल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. चार माणसे आणि सामान घेऊन महामार्गाला लागताना दुसरा आकडा धरावा, आणि तो टायर थंड असताना भरावा. दुसरी चूक उन्हाळ्यात हवा मुद्दाम कमी ठेवण्याची. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त घुसळतो आणि त्यामुळेच जास्त तापतो. मे महिन्यात समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर १२० च्या वेगाने तो फुटला तर ॲव्हरेजचा विषयच उरत नाही. धावून तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसतात, ते सोडू नयेत. ती वाढ धरूनच तक्त्यातला आकडा दिलेला असतो. टायरचे वयही पाहावे: बाजूला चार आकडी शिक्का असतो, आणि ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नायट्रोजन भरल्याने ॲव्हरेज वाढत नाही.

टायर आणि रिम मूळ मापाची असावीत. जुन्या सेडानला अठरा-एकोणीस इंची रुंद चाके लावलेली सर्रास दिसतात, आणि विकत घेताना ती शोभिवंत वाटतात. पण ती जड असतात, हवा जास्त कापतात, आणि घेर बदलल्यास ओडोमीटरही खोटे बोलू लागतो. मी घेतली तेव्हा माझ्या गाडीला अशीच चाके होती. मूळ सोळा इंची चाके जुन्या बाजारातून मिळवून लावली तेव्हा गाडी मऊही चालू लागली आणि लिटरमागे जवळजवळ अर्धा किलोमीटर वाढला.

अलाइनमेंट करताना मागच्या चाकांचीही करून घ्यावी. या गाड्यांच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये चार-पाच दांडे आणि प्रत्येकाला रबरी बुश असतात. ते ढिले झाले की यंत्रावर जुळवलेले माप रस्त्यावर टिकत नाही आणि टायर किंचित तिरके घासत राहतात. मागच्या टायरची आतली कड बोटांनी चाचपून पाहावी. ती बाहेरच्यापेक्षा झिजली असेल तर आधी बुश, मग अलाइनमेंट.

अनेकांच्या नजरेतून सुटणारी आणखी एक गोष्ट गाडीच्या पोटाखाली असते. जर्मन सेडानच्या इंजिनाखाली प्लॅस्टिकचा मोठा ट्रे असतो आणि हवा खालून सुरळीत जावी म्हणून तो दिलेला असतो. ऑइल बदलताना तो काढतात, एखादा स्क्रू हरवतो, कोपरा तुटतो, आणि एके दिवशी तो गॅरेजच्या कोपऱ्यात राहून जातो. वाकून पाहावे, नसेल तर मिळवून बसवावा. छतावरचे कॅरिअर वापरात नसेल तेव्हा काढून ठेवावे.

पायाची आणि गिअरची सवय

गाडी निरोगी झाली की चालवण्याच्या सवयींना अर्थ येतो. सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ९० ला स्थिर असताना ॲक्सिलरेटर किंचित दाबावा. वेग न वाढता आरपीएमचा काटा दोनशे-तीनशेने उडी मारत असेल तर टॉर्क कन्व्हर्टर लॉक झालेला नाही, आणि इंजिनाची काही शक्ती नुसते तेल तापवण्यात जाते आहे. थर्मोस्टॅट ठीक असूनही असे होत असेल तर गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर बदलण्याची वेळ झाली आहे. ‘आयुष्यभराचे तेल’ असे पुस्तकात लिहिले असले तरी दीड-दोन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत ते बदललेले बरे.

क्रूझ कंट्रोल सपाटीला उत्तम. चढ-उताराच्या रस्त्यावर तो बंद ठेवावा, कारण चढ दिसत असूनही तो आधी काहीच करत नाही आणि वेग पडू लागला की किक-डाउन करून, म्हणजे एकदम खालचा गिअर घेऊन, इंजिन ओरडवतो. त्याऐवजी चढाच्या पायथ्याशी मर्यादेत राहून थोडा वेग जमवावा, चढावर पाच-दहाने पडू द्यावा आणि माथ्यानंतर उताराने तो परत घ्यावा. माणसाला पुढचा रस्ता दिसतो, हा त्याचा फायदा आहे. पुढे दोनशे मीटरवर ट्रकने ट्रकला ओलांडायला घेतले की पाय तेव्हाच काढावा. ब्रेकवर पाय गेला की आधी जाळलेले पेट्रोल डिस्कमध्ये उष्णता होऊन गेले.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करण्याची सवय अनेकांना वाडवडिलांच्या गाडीपासून लागलेली आहे, आणि कार्बुरेटरच्या गाडीत त्याने थोडे वाचतही असे. इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना पाय पूर्ण काढला की संगणक इंधन बंदच करतो. चाकेच इंजिन फिरवत राहतात आणि जळणारे पेट्रोल शून्य असते. न्यूट्रल केले की इंजिन आपल्या आपण चालू राहावे म्हणून पुन्हा इंधन सोडावे लागते, म्हणजे न्यूट्रलने उलट जास्त जळते. शिवाय इंजिनाचा रोध नाहीसा झाल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, आणि बोरघाटात उतरताना जळलेल्या ब्रेकचा वास ज्याने घेतला आहे त्याला याचा अर्थ सांगायला नको. ऑटोमॅटिकमध्ये हाताने एक-दोन गिअर खाली घेऊन फलकावरच्या मर्यादेत उतरावे. पेट्रोलही जात नाही आणि ब्रेकही थंड राहतात.

एसीबद्दल थोडक्यात: ८० च्या वर खिडक्या बंद करून एसी लावणेच योग्य, कारण उघड्या खिडक्यांनी हवेचा विरोध वाढतो आणि वाचलेले तिथे जाते. आतली हवा फिरवण्याचे बटण दाबलेले ठेवावे आणि रेडिएटरपुढचा एसीचा कंडेन्सर वर्षातून एकदा कमी दाबाच्या पाण्याने धुवून घ्यावा.

पेट्रोल कोणते

फ्युएल फ्लॅपच्या आत ऑक्टेन (पेट्रोलने अवेळी पेट न घेण्याचे माप) ‘किमान ९५’ असे लिहिलेले असेल तर त्या इंजिनाला ते हवे असते. कमी ऑक्टेनवर इंजिनातला ठोका ओळखणाऱ्या नॉक सेन्सरच्या इशाऱ्याने संगणक ठिणगी उशिरा टाकतो, इंजिन सुरक्षित राहते, पण त्याच पेट्रोलमधून काम कमी निघते. मात्र जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ऊर्जा नव्हे. ज्या गाडीला ९१ चालते तिच्यात महागडे १०० भरून पैसे जातात, ॲव्हरेज येत नाही.

इथेनॉलचा हिशेब मात्र प्रत्येकाने मांडून ठेवावा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के इथेनॉल असलेल्या ई२० मध्ये त्यामुळे शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. पूर्वी बारा देणारी निरोगी गाडी आज सव्वाअकरा देत असेल तर ती बिघडलेली नाही, हे समजून घ्यावे. साडेनऊ देत असेल तर मात्र इथेनॉलला दोष देऊन थांबू नये. २००८ सालच्या गाड्या या मिश्रणासाठी घडवलेल्या नव्हत्या, तेव्हा इंधनाचे रबरी पाइप, पंपाच्या सील आणि टाकीच्या झाकणाचे रबर वर्षातून एकदा तपासून, कडक किंवा चिकट झाले असतील तर इथेनॉल चालणाऱ्या प्रतीचे बसवून घ्यावेत. पेट्रोलचा वास येणाऱ्या गाडीने महामार्गाला जाऊच नये. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात गाडी दीड-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये.

आता खर्चाचे गणित. वर्षाला १०,००० किलोमीटर महामार्गावर धावणारी गाडी साडेनवाऐवजी बारा देऊ लागली तर सुमारे २२० लिटर पेट्रोल वाचते, आणि लिटर शंभर रुपयांच्या वर असताना ती रक्कम थर्मोस्टॅट, एक कॅलिपर दुरुस्ती, अलाइनमेंट आणि गिअरचे तेल यांच्या खर्चाचा मोठा भाग पहिल्याच वर्षी भरून काढते. सहा इंजेक्टरांच्या अंदाजपत्रकाबद्दल तसे म्हणता येणार नाही, म्हणून महागडा भाग बदलण्याआधी तो सदोष असल्याचा मोजलेला पुरावा मेकॅनिककडे मागावा: ट्रिमचा आकडा, दाबाचा आकडा किंवा गळतीची चाचणी.

सगळी कामे एकाच दिवशी करून घेऊ नयेत. वहीतला मूळ आकडा हाती आल्यावर पुढच्या पहिल्या टाकीआधी थर्मोस्टॅट आणि टायरची हवा, दुसऱ्या टाकीआधी ब्रेक आणि अलाइनमेंट, तिसऱ्याआधी गिअरचे तेल, आणि प्रत्येक वेळी तोच रस्ता जाऊन-येऊन मोजावा. माझ्या वहीत शेवटच्या सहा टाक्यांचे आकडे ११.४ ते १२.१ च्या मध्ये आहेत. त्यांखेरीज एक टाकी १०.३ ची निघाली. त्या शनिवारी घाटात पावणेदोन तास वाहतूक ठप्प होती, तसे तिच्यापुढे लिहून ठेवले आहे.